मालनची कोरांटी

पाऊस परतीला लागला की खोपोलीत सगळ्यांचे चेहरे उजळतात. गाद्या गच्चीवर जातात, भिंतींवरच्या ओलीचे डाग फिके पडायला लागतात, घाटातलं धुकं सकाळी उशिरानं का होईना पण उठून जातं, आणि 'सुटलो गं बाई एकदाचे' असं शेजारणी एकमेकींना सांगतात. मला मात्र हे दिवस सुरू झाले की अंगणात पाऊल टाकायला नको वाटतं. चप्पल शोधण्यात मी उगाच वेळ काढते. बाहेर गेले तरी झाडांकडे एकदम बघत नाही. आधी नळ बघते, मग कपड्यांची दोरी, मग फाटकाची कडी. बाग करणाऱ्या बायका झाडाला कळ्या दिसल्या की हरखतात, फोटो काढून पाठवतात. मी मागच्या पावली घरात येते.

हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसोत. सगळी हयात मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. हसणाऱ्या वर्गासमोर उभं राहायची मला सवय आहे.

शिळफाट्यापासून जरा आत, हमरस्त्यावरचे ट्रक ऐकू येतात पण दिसत नाहीत, अशा जागी आमचं घर आहे. अंगण एवढंसं. दोन खाटा टाकल्या तर तिसऱ्या माणसानं उभं राहायचं. तेवढ्यात मी झुडपं दाटून लावली, आणि तीही सगळी नळीच्या फुलांची. अबोली, रातराणी, लाल एक्झोरा, घंटीसारखी पिवळी फुलं येतात तो टेकोमा, आणि काटेरी कोरांटी. गुलाबाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. तो आपलं सगळं उघडं करून दाखवतो. नळीच्या फुलाचं तसं नाही. त्याला तोंड असतं, घसा असतो, आणि घशाच्या पार तळाशी मधाचा थेंब. वरून कितीही वाकून बघा, आतलं दिसत नाही. लहानपणी आम्ही माहेरी, पोशीरला, कोरांटीचं फूल उपटून त्याची मागची बाजू चोखायचो. जिभेला जेमतेम गोड लागायचं आणि तेवढ्यात फूल रिकामं व्हायचं. काळा भुंगा त्याहून लबाड. तो तोंडानं आत शिरतच नाही, नळीच्या बुडाशी भोक पाडून मध पितो. फूल बाहेरून शाबूत दिसतं आणि आतून लुटलेलं असतं.

ही झुडपं मी विकत आणलेली नाहीत. विकतचं रोप आमच्या आईला चालत नसे. भर पावसात कुणाच्या तरी घरी जायचं, चहा घ्यायचा, निघताना त्यांच्या झाडाची काडी मागायची आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून घरी येऊन खोवायची. ज्याच्या हातची काडी, त्याच्या नावाचं झाड. ही तिची रीत. आमच्या पोशीरच्या अंगणात झाडांना जातीची नावं नव्हतीच. शेवंताची अबोली, मामीचा मोगरा, असंच सगळं. लग्न होऊन मी खोपोलीत आले, तेव्हा इतर कशाहून आधी ही रीत माझ्याबरोबर आली.

त्यामुळे आमच्या घरातली बोलणी बाहेरच्या माणसाला वेड्यासारखी वाटतील. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना थट्टेला दिवसभर मोकळीक मिळाली. "आत्याला पाणी घातलंस का?" असं ते मला आतून ओरडून विचारायचे. "सुमनबाईंना मुंग्या लागल्यात बघ." "मालन फारच आडवी वाढलीय, जरा छाटायला हवी." एकदा कुरियरवाला हे ऐकून फाटकातच थबकला होता.

आता ही थट्टा बंद झाली आहे.

पहिल्यांदा आत्याची रातराणी. माझी आत्या कर्जतला तिच्या मुलाकडे असे. तिच्या हातची काडी माझ्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून चांगली वाढली होती, पण फुलायला आळशी. वर्षातून दोनतीनदा चार झुपके काढायची आणि गप्प बसायची. त्या वर्षी आश्विन लागला आणि तिनं धरबंद सोडला. पानापानाच्या बेचक्यातून हिरवट पांढऱ्या नळ्या लोंबायला लागल्या. दिवसभर त्या मिटलेल्या, बिनवासाच्या. दिवेलागण झाली की एकेक तोंड उघडायचं, आणि बघता बघता गल्ली वासानं भरून जायची. मी देवापाशी निरांजन लावलं तर तुपाचा वास येईना. पातेल्यातल्या दुधाला रातराणीचा वास. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि वासाला साप येतील म्हणून ऐकवलं. मी हसले. सापाला सुगंधाशी काही देणंघेणं नसतं, हे मी वर्गात शिकवलं होतं. दसऱ्याच्या आत आत्या गेली. तिचं वय झालं होतं. रडलो, सुतक पाळलं, आणि पुन्हा जेवायला लागलो. होळीपर्यंत रातराणी उभी वाळून गेली, याचा आत्याशी काही संबंध आहे असं माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या वर्षी अधिक आश्विन आला, नवरात्र महिनाभर पुढे गेलं. तो आश्विन मात्र मी विसरणार नाही.

त्या वर्षी टेकोमानं सुरुवात केली. तो सुमनबाईंचा. आम्ही दोघींनी एका शाळेत नोकरी केली. त्या गणित शिकवत, मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाजी उचलत, आणि निवृत्तीनंतर पनवेलला लेकाकडे गेल्या. तो टेकोमा इतका फुलला की पानं दिसेनात. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून फोटो काढत. मीही काढला आणि सुमनबाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'बघा, किती फुललात!' त्यांचं उत्तर लगेच यायचं. त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांच्या सुनेचा फोन आला. मी फोटो पाठवला त्या सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, तिथून त्या परत आल्या नाहीत. माझा निरोप त्यांच्या फोनमध्ये न उघडता पडून आहे. अजूनही असेल.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ," हे म्हणाले. मीही तेच म्हणाले. मरायला टेकलेलं झाड जीव खाऊन फुलतं, हे तर मी स्वतः मुलांना सांगत असे. मुळाशी कीड लागली, पाणी तुटलं, की झाडाला आपला शेवट कळतो आणि ते उरलंसुरलं सगळं फुलांत ओततं. आमच्याकडे शेतकरीसुद्धा एखादा आंबा अवेळी लदबदून मोहरला तर आनंदानं टाळ्या पिटत नाही, खोडाशी वाकून बघतो. तेव्हा रातराणी मरणाआधी फुलली आणि टेकोमाही आता पानं टाकायला लागला, यात नवल नाही. नवल एवढंच की मेल्या दोन बायका. ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

तरीही मी ते सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ, पोशीरला असतो, भातशेती बघतो. मालन त्याची बायको. गणपतीतच ती मला उतरलेली दिसली होती, मोदकाची उकड मळता मळता मध्येच भिंतीला टेकून बसली होती. आता तपासण्या झाल्या आणि पोटात गाठ निघाली. पनवेलच्या पुढच्या मोठ्या इस्पितळात इंजेक्शनं घ्यायची, दर खेपेला चारदोन दिवस माझ्याकडे राहायचं, असं ठरलं. दत्ता फोनवर नीट बोलत होता. ठेवताना मात्र म्हणाला, "ताई, मला काय सुदरत नाय गं."

मालन माझी कोण हे सांगायला हवं. आईबाप असेपर्यंत माहेर आपोआप असतं. ते गेल्यावर ते भावजयीच्या हातात असतं, तिनं ठेवलं तर राहतं. भाऊ चांगला असून उपयोग नाही. भाऊ म्हणतो 'ये की गं', आणि शेतावर निघून जातो. चूल पेटवायची ती भावजयीनं. माझ्या ओळखीतल्या किती शिकल्यासवरल्या बायकांची माहेरं आई गेल्याच्या वर्षी बंद झाली. माझं नाही झालं. आई गेली तेव्हा दिवसकार्य उरकून मी निघाले, तर मालननं माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "वन्सं, आज नाय जायचं. आज गेलात तर परत यायला पाय उचलनार नाय तुमचा." ती माझ्याहून पुष्कळ लहान, शाळा चौथीपर्यंतची. त्या रात्री तिनं मला आपल्याजवळ झोपवलं. तेव्हापासून पोशीरहून मी कधी रिकाम्या हातानं आले नाही. नवे तांदूळ, वालाच्या शेंगा, काही नाही तर अळूची पानं. मालन गेली असती तर मला पोशीरमध्ये दत्ताचं घर उरलं असतं. माहेर उरलं नसतं.

आणि कोपऱ्यातली कोरांटी मालनची होती. पोशीरच्या फाटकाशी एक जुनी कोरांटी आहे, तिची काडी मालननं माझ्या हातात दिली होती. खोपोलीच्या मातीत ती आडवी वाढे, पण फुलत नसे. दरसाल दहाबारा फुलं, तीही उपकार केल्यासारखी. दत्ताचा फोन आला त्या संध्याकाळी मी सहज म्हणून कोपऱ्यात गेले. कोरांटीच्या प्रत्येक बेचक्यात, काट्यांच्या मधोमध, तांदळाच्या कणीएवढ्या हिरव्या कळ्या ठासून भरल्या होत्या.

मी उभी राहिले. घाटावरून ट्रक उतरत होते, त्यांच्या ब्रेकचा आवाज येत होता. मग मी वाकून एक कळी खुडली. मग दुसरी. मग भराभर सगळ्या.

त्यानंतर रोज. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात, असं आईनं मला बजावलं होतं, आणि मी नेमकी तीच वेळ धरायची. त्या वेळी शेजारपाजार मालिका बघत असतो. कोरांटीचे काटे सरळ आणि बारीक असतात, ते बोटात मोडून राहतात. रात्री हे चष्मा लावून सुईनं ते काढून देत. "काय उद्योग चाललाय तुझा?" एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कीड आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा काटा काढला. त्यांनाही आठवत होतंच. त्या दिवसापासून त्यांनी झाडांना बायकांच्या नावानं हाक मारली नाही.

खुडलेल्या कळ्या मी मागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत असे. एका सकाळी भाज्यांची सालं टाकायला गेले आणि पातेलं हातातच राहिलं. खड्ड्यात फुलं होती. कालच्या, परवाच्या कळ्या, देठावरून तोडलेल्या, कुजक्या पानांवर पडलेल्या, त्या तिथेच उमलल्या होत्या. पिवळीधमक. सगळ्यांची तोंडं वर. मोठी कळी तोडल्यावरही ओलीत ठेवली तर उमलते, हे मला माहीत आहे. गुलछडी आपण फुलदाणीत तशीच तर ठेवतो. पण माहीत असणं आणि तिथे एकटीनं उभं राहणं यात फार अंतर आहे. मी त्यांच्यावर मातीची घमेली ओतली. माती दाबताना मला वाटत होतं, हे मी काय करते आहे ते कुणी बघू नये.

कळ्या कमी होईनात. आज जिथून एक खुडावी तिथे चार दिवसांनी चार. झुडूप रुंद होत चाललं, दाट होत चाललं, आत हात जाईना. एक दिवस भाजी चिरताना एकाएकी मला माझाच आवाज ऐकू आला, वर्गातला, खडूच्या धुळीतला: 'शेंडा खुडला की झाड थांबत नाही, बाजूनं फुटतं. म्हणून माळी शेंडे खुडतात.' दरवर्षी मी हे शिकवलं. परीक्षेत विचारलं. न लिहिणाऱ्यांचे गुण कापले. आणि महिनाभर मी मालनची कोरांटी खुडून खुडून वाढवत होते. मी विळी बाजूला सारली आणि रडले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, माझ्या बाबतीत मनानं चिंतलं आणि हातांनी ते करून ठेवलं. पण कळल्यावर तरी मी थांबावं की नाही? नाही. त्या संध्याकाळीही खुडल्या. थांबले असते तर सगळ्या एकदम उमलल्या असत्या.

नवरात्र बसलं. घटावर रोज एक माळ चढवायची, ती अंगणातल्या फुलांची असावी असा आमचा नेम. मी शिळफाट्याच्या बाजारातून झेंडू आणला.

त्यातच मालन आली. इंजेक्शन घेऊन, दत्ताच्या खांद्याला धरून, डोक्याला रुमाल बांधून. तिचे केस दाट होते, गुडघ्यापर्यंत यायचे, ते गेले होते. तिनं पहिल्यांदा हातपाय धुतले आणि घटासमोर बसली. बराच वेळ बघत राहिली. "वन्सं," ती म्हणाली, "दारात कोरांटी आसून घटाला झेंडू व्हय?"

"या वर्षी फुलली नाही गं."

तिनं झेंडूची माळ सारखी केली आणि उठली.

पुढचे दिवस मला कठीण गेले. दत्ता कापणीसाठी परत गेला होता. मालन जेमतेम पेज घ्यायची, ओकायची, पुन्हा झोपायची. दुपारी घरात आवाज म्हणून नसायचा. आश्विनातली दुपार तशीही चांगली नसते. ऊन तळपत असतं आणि वारा नसतो, चिंचेची पानंसुद्धा हलत नाहीत. आमच्याकडे म्हातारी माणसं भर बाराला पोरांना एकटं झाडाखाली जाऊ देत नसत, अवसेच्या रात्रीइतकीच ती वेळ वाईट म्हणत. मला पूर्वी ते हास्यास्पद वाटे. त्या दिवसांत वाटेनासं झालं. कोरांटीपाशी एक शिंजीर यायचा, निळाकाळा, अंगठ्याएवढा. फुलं नव्हती तरी यायचा. मी कळ्या खुडल्या होत्या नेमक्या त्या त्या जागी तो हवेत फडफडत थांबायचा आणि वाकडी चोच पुढे खुपसायचा. तिथे काही नसायचं. तरी त्याचा घसा हलायचा, पीत असल्यासारखा.

कापणीच्या दिवसांत पोशीरला असं ऊन असतं. भाताचा वास कोरडा होत जातो, वाफ्यांतलं पाणी आटतं, खेकड्यांची बिळं उघडी पडतात. लहानपणी आम्ही त्या बिळांना कान लावायचो. आत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. आईला सांगितलं तर ती म्हणायची, "आयकायचं नाय, उत्तर द्यायचं तर नायच नाय." मालन आजारी असताना मला तिच्या खोलीच्या दाराशी उभं राहून तिचा श्वास ऐकायची खोड लागली होती. ती जागी असली की आतून म्हणायची, "हाय मी, वन्सं."

अष्टमीच्या दुपारी ती झोपलीय असं समजून मी कोरांटीपाशी गेले. संध्याकाळपर्यंत थांबण्याचा धीर नव्हता. वरच्या फांद्यांवरच्या कळ्या पिवळ्या पडल्या होत्या, उद्या उमलणार होत्या. मी दोन्ही हातांनी तोडत सुटले. कारखान्याचा भोंगा झाला. तो थांबल्यावर मागून आवाज आला.

"तिला कशापायी छळताय?"

मालन पायरीवर बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. माझ्या मुठी कळ्यांनी भरल्या होत्या. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. आत्याची रातराणी, सुमनबाईंचा टेकोमा, दत्ताचा फोन, खड्ड्यातली फुलं, सगळं एका दमात. ती हसेल किंवा घाबरेल, या दोन्हींची मी तयारी केली होती.

तिनं फक्त विचारलं, "म्हंजे ही फुलली का मी जानार, आसं तुमाला वाटतं?"

मी मान हलवली.

"पन ही माझी नाय, वन्सं."

मला कळेना.

"काडी मी दिली, खरं हाय. पन झाड माझं नाय ते. सासूबाईंनी सांगितलेलं मला. तुमचं लगीन ठरलं त्या साली तुमी मोगरा लावलावता फाटकाशी. शेळ्या खातील म्हनून त्याच्या भवती कोरांटीच्या काट्या खोवल्यावत्या, तुमीच. मोगरा मेला. एक काटी धरली. आमी पोशीरला तिला वन्संची कोरांटी म्हनतो. कवापासून म्हनतो."

मला मोगरा आठवला. काट्या आठवल्या नाहीत. कुंपणाच्या काट्या कोण लक्षात ठेवतं? पण माझ्या पोशीरच्या माणसांनी ठेवल्या होत्या. ज्याच्या हातची काडी, त्याच्या नावाचं झाड.

मग मला जे वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला आनंद झाला. इतका की मी तिथेच ओट्यावर बसले. मालन नाही. मालन नाहीच. महिन्याभरात पहिल्यांदा छातीत नीट हवा गेली. आणि ती हवा आत गेल्यावर, सावकाश, दुसरी गोष्ट कळली. मी माझ्या हातांकडे बघितलं. बोटांना कोरांटीचा हिरवट चीक लागला होता, काट्यांचे काळे ठिपके होते. समोर ते झुडूप, माझ्याच हातांनी दाट केलेलं, वाऱ्याशिवाय उभं होतं. इतके दिवस मी त्याच्याकडे बघत होते. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की तेही बघतंय.

माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असणार, कारण मालन उठली. भिंतीला धरून, मग दोरीला धरून ती कोरांटीपर्यंत गेली आणि तिनं कळ्या खुडायला सुरुवात केली. स्वतःचं मरण ऐकताना जी बाई हलली नव्हती ती आता काटे न बघता तोडत होती. काटा लागला, रक्त आलं. त्या इंजेक्शनांनी तिचं रक्त लवकर थांबत नसे, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. तिच्या मनगटावरून ते कोपरापर्यंत उतरलं तरी ती खुडतच होती.

"मालन, सोड! खुडून थांबत नाही, आणखी फुटतं!"

"फुटू दे. परत खुडीन."

"अगं, मला काय झालंय? आजारी तू आहेस!"

ती माझ्याकडे वळली. डोक्याचा रुमाल सुटून गळ्यात आला होता. मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नव्हती. "मी गेले तर तुमचं माहेर जाईल, त्याची काळजी तुमाला. आन तुमी गेलात तर? माझ्या दारात माहेरपनाला कोन येल? कुनासाटी मी तांदूळ राखून ठेवायचे?"

मी तिचा हात पदरात धरून दाबून ठेवला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. रक्त थांबायला फार वेळ लागला. शिंजीर येऊन गेला, पुन्हा आला.

शेवटी तीच म्हणाली, "तुमच्या आईची रीत हाय ना? मंग रीतीनंच करू. हिची एक काडी काढा. दोघींनी धरून लावू. दोघींच्या हातची झाली, म्हंजे एकीला न्यायला फुलायची नाय. फुलली तर दोघींसाटी फुलंल. मागं कुनी राहायला नको."

मी तिला सांगितलं की हे काडी लावायचे दिवस नव्हेत. आश्विनाच्या उन्हात कोरांटीची काडी धरत नाही, सुकून जाते. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता. ती ऐकून घेत होती आणि कात्री कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघत होती. आम्ही काडी तोडली. पलीकडच्या भिंतीशी जागा केली. तिचा फडकं बांधलेला हात आणि माझा, दोन्ही एकाच काडीवर, एकमेकींना काटे लागणार नाहीत असे धरले आणि दाबले. पाणी मी घातलं. तिला तांब्या उचलवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवमी होती. जुनी कोरांटी अंगभर उमलली. रीत केली होती, म्हणून आम्ही ती कुणी खुडली नाही, माळेलाही घेतली नाही. फुलं आपोआप गळत होती, कोपरा पिवळा झाला होता, आणि आम्ही घरात बसून होतो. काही घडलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. मालनची इंजेक्शनं संपली, तपासण्यांत गाठ दिसेनाशी झाली, केस परत आले, पूर्वीइतके नाही. मला तर साधा तापही आला नाही. जुनी कोरांटी उन्हाळ्यात वाळली, ती आम्ही उपटून टाकली. हे म्हणाले, "पाहिलंस? काही नसतं." मी हो म्हटलं.

आणि ती काडी लागली. लागायला नको होती, पण लागली. ती आज छातीइतकी झाली आहे. पानं काळीभोर, काटे लांब. इतकी वर्षं तिनं एक फूल दिलेलं नाही. मालन येते तेव्हा तिच्याकडे बघते आणि म्हणते, "चांगली हाय." मी खत घालत नाही. पाणी बेतानं घालते.

या वर्षी हस्ताचा पाऊस लांबला. गेल्या आठवड्यात उघडीप पडली. आज सकाळी मी बाहेर गेले, नळ बघितला, दोरी बघितली, आणि मग भिंतीकडे बघितलं. आत येऊन पोशीरला फोन लावला. मालननंच उचलला. मागे भात झोडायच्या मशीनचा आवाज येत होता.

"मालन, कळ्या आल्यात."

मशीनचा आवाज दूर झाला. ती खळ्यावरून बाजूला गेली असावी.

"लई?"

"पान दिसत नाही."

"खुडल्या नाय ना?"

"नाही."

"मंग राहू द्या." ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, पूर्वी दाराशी उभी राहून ऐकायचे तसा. "मी निघते आता, हातातलं टाकून. मी येईस्तवर आत बसा, वन्सं. एकटीनं बघू नका."